अमेरिकेतल्या निळ्या टाचण्या: एनालॅग्मा की आर्जिया, फोटोवरून कसं ठरवायचं?

सातपूरकर
नमस्कार. पावसाळा संपला की आमच्या निसर्ग मंडळाचं छोटं प्रदर्शन असतं. यंदा एका फलकावर नाशिक परिसरातल्या टाचण्या (चतुरासारखे, पण बारीक अंगाचे उडते कीटक) आणि शेजारी त्यांचे अमेरिकेतले भाईबंद मांडायचेत. ताईने ओहायोहून मोबाइलवर काढलेले फोटो पाठवलेत, त्यातल्या तीन टाचण्यांपाशी अडलोय.
पहिली जांभळट निळी, ओढ्यातल्या दगडावर बसलेली. दुसरी आकाशी निळी, तळ्याकाठच्या गवतावर. तिसरी अगदी लहान, वक्ष नारिंगी आणि पोट वरून काळं.
फोटोवरून नाव सांगणाऱ्या अ‍ॅपने पहिल्या दोघींना एनालॅग्मा (टाचण्यांचा एक वंश) म्हटलंय, तिसरीला नावच दिलं नाही. सगळे फोटो वरून काढलेत. एवढ्यावर जातीपर्यंत पोचता येईल, की ताईला पुन्हा काढायला सांगू?

गोदाकाठ
पहिली एनालॅग्मा नाही, आर्जिया या दुसऱ्या वंशातली आहे. दगडावर, उघड्या मातीवर, वाटेवर बसणं ही आर्जियाची सवय. एनालॅग्मा सहसा पाण्यातल्या नाहीतर काठावरच्या झाडोऱ्यावर बसते. पण बसण्याच्या जागेवरून शेवटचा निकाल देऊ नका. दोन गोष्टी तपासा.
एक, मिटलेले पंख. आर्जिया ते पोटाच्या वर उचलून धरते, एनालॅग्मा पोटाला लागून. दोन, पायांवरचे काटे. आर्जियाचे काटे लांब, दोन काट्यांमधल्या अंतराच्या साधारण दुप्पट. एनालॅग्माचे आखूड, अंतराएवढेच. फोटो मोठा करून पाहिला तर बहुतेक वेळा याच काट्यांवर प्रश्न सुटतो.
ओहायोत जांभळा नर, पंख स्वच्छ, पोटाचे शेवटचे तीन खंड निळे आणि खांद्यावरची काळी पट्टी वरच्या टोकाला दुभंगलेली दिसली, तर ती आर्जिया फ्युमिपेनिस, उपजात व्हायोलेशिया. हिच्याच फ्लोरिडातल्या उपजातीचे पंख काळे असतात, त्यामुळे इंटरनेटवरचा काळ्या पंखांचा फोटो समोर ठेवून तुमची टाचणी रद्द करू नका.
आर्जिया हा वंश फक्त अमेरिका खंडांतला आहे, जाती शंभराहून जास्त. आपल्याकडे एकही नाही. फलकावर तिच्यासमोर नाशिकची कुठलीही निळी टाचणी ठेवा, पण 'तीच आपल्याकडची' असं लिहू नका.

दलदल_निफाड
गोदाकाठ म्हणतात ते बरोबर, फक्त पंखांच्या ठेवणीवर फार भर देऊ नका. नुकतीच कात टाकून बाहेर आलेली किंवा वाऱ्यात बसलेली टाचणी पंख कसेही धरते. रंगही फसवतो: थंड सकाळी आर्जियाच्या काही जातींचा निळा रंग काळपट पडतो, ऊन लागलं की परत येतो.
तिसरी बहुधा इश्नुरा वंशातल्या इश्नुरा व्हर्टिकॅलिसची कोवळी मादी. वय वाढलं की तिच्यावर राखाडी निळसर पावडर चढते आणि नारिंगी रंग पार झाकला जातो. दोन्ही अवस्थांचे फोटो शेजारी ठेवले तर बघणाऱ्यांना त्या दोन जाती वाटतील, म्हणून खाली स्पष्ट लिहा. एक खातरजमा मात्र करा: इश्नुरा हास्टाटाची कोवळी मादीही नारिंगी असते, पण तिचं पोटही बरंचसं नारिंगी असतं आणि खांद्यावर काळी पट्टी नसते.
ही जोडी फलकासाठी उत्तम आहे, कारण इश्नुरा आपल्याकडेही आहे. इश्नुरा सेनेगालेन्सिसची कोवळी मादीसुद्धा नारिंगी असते. नांदूर मधमेश्वरच्या काठाच्या गवतात शोधा. अभयारण्य आहे, तेव्हा फक्त फोटो. परवानगीशिवाय पकडणं नाही.

सूक्ष्मदर्शी
दुसरी, आकाशी निळी: वरून काढलेल्या फोटोवरून जात ठरणार नाही. एनालॅग्माच्या नरांमधला खरा फरक पोटाच्या टोकाच्या चिमट्यांत असतो. मीलनाच्या वेळी नर त्यांनी मादीचं वक्ष पुढच्या बाजूने पकडतो, आणि मादीच्या तिथल्या पट्टिका त्या आकाराला जुळणाऱ्या असतात. एनालॅग्मा बोरिआले आणि एनालॅग्मा अ‍ॅनेक्सम या दोन जातींचे नर तर रंगावरून वेगळे करणं जवळपास अशक्यच. चिमटेच बघावे लागतात.
ताईंना सांगा, टाचणीच्या उंचीला मोबाइल आणा आणि बरोबर काटकोनात, बाजूने फोटो घ्या. टाचणी तिरकी असेल तर डोकं स्पष्ट येतं आणि टोक धूसर, म्हणजे नेमकं हवं तेच जातं. क्रम असा ठेवा: आधी लांबून एक, मग बाजूने पूर्ण शरीर, मग फक्त टोक, शेवटी वरून. वरचा फोटो डोळ्यांमागच्या ठिपक्यांसाठी लागतो. मोबाइलवर चिकटवायची मॅक्रो भिंग असेल तर वापरा. डिजिटल झूम नको, त्याने चिमट्यांच्या कडाच पुसल्या जातात. स्वतःची सावली तिच्यावर पडू देऊ नका, लगेच उडते.
नर की मादी हे आधी ठरवा. नराच्या पोटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली उंचवटा असतो. मादीचं टोक अंडी घालायच्या अवयवामुळे खालून जाड दिसतं. हे महत्त्वाचं आहे, कारण एनालॅग्माच्या काही माद्या नरासारख्याच निळ्या असतात. मादीच्या आठव्या खंडाखाली बारीक काटा दिसला तर आर्जिया बाद, तिला तो नसतो.
आणि अ‍ॅपचं उत्तर वंशापाशी थांबवा. फलकावर 'एनालॅग्मा, जात अनिश्चित' असं लिहिणं चुकीच्या नावापेक्षा कितीतरी बरं.

सातपूरकर
तिघांचेही आभार. पहिल्या फोटोत पायाचे काटे लांबच आहेत! अजून दोन आहेत: एकीचे पंख पूर्ण काळे, अंग चकाकतं हिरवं. दुसरी पंख अर्धे उघडे ठेवून बसलीय. आणि सगळ्यात मोठी टाचणी अमेरिकेतलीच का?

गोदाकाठ
काळ्या पंखांचा नर म्हणजे कॅलोप्टेरिक्स मॅक्युलाटा, सावलीतल्या ओढ्यांवरची. मादीचे पंख जरा फिकट आणि टोकाजवळ पांढरा ठिपका. पंखांच्या बुडाशी लाल डाग असता तर हेटेरिना वंशातली म्हटलं असतं. अर्ध्या उघड्या पंखांची लेस्टिडी कुळातली. पुढे जायला पुन्हा चिमट्यांचाच फोटो लागेल.
सगळ्यात मोठी हो, तिकडचीच, पण ओहायोची नव्हे. मेगालोप्रेपस मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या पावसाळी जंगलांत असते, पंखांचा पसारा 19 सेंटिमीटरपर्यंत. जाळ्यात बसलेले कोळी उचलून खाते आणि झाडांच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात अंडी घालते. तिथे तिची पिल्लं डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं आणि एकमेकांनाही खातात. फलकावर पंखांचा पसारा खऱ्या मापात रेखाटा आणि शेजारी आपली इश्नुराही त्याच मापात काढा.