प्रवचनात पाणी, जमीन, जात यायलाच हवी का?

बावखल:
रविवारी मिस्सात (आम्हा कॅथॉलिकांच्या सामूहिक उपासनेत) फादर टँकरच्या पाणीउपशावर बोलले. बाहेर आल्यावर दोघातिघांची कुरकुर सुरू : 'देवळात (म्हणजे चर्चमध्ये) राजकारण नको.' मला हे पटत नाही, वसईत तर मुळीच नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या आंदोलनात उतरले, ते हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात चालला होता आणि विहिरींचं पाणी टँकरमधून बाहेर जात होतं म्हणून. याच माणसानं बायबल मराठीत आणलं. दोन्ही कामं एकाच श्रद्धेतून झाली. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी प्रभू तान्हेल्याला पाणी दिलंस का, हे पाहतो. पण विहीरच आटवणाऱ्याला अडवलं नाही, तर तान्हेल्याला पाणी द्यायचं कुठून?

पेरणी:
बावखलदादा, त्या अध्यायात हिशेब ज्याच्या त्याच्या कृतीचा आहे. लोक जबरदस्तीनं राजा करायला आले तेव्हा येशू एकटा डोंगरावर निघून गेला, हेही शुभवर्तमानातच आहे. माझ्या बाकावर बिल्डरच्या ऑफिसात नोकरी करणारा एक जण बसतो. त्यालाही पापक्षमा हवी आहे. वेदीवरून बाजू घेतली की तो मिस्साला यायचाच थांबेल, मग त्याच्यापर्यंत पोचणार कोण? जगाचा कारभार सुधारण्याचं काम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या १९६२-६५च्या सभेनं) मुख्यतः प्रापंचिकांवर, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांवर सोपवलं. मोर्चा तुम्ही काढा, मी येते. फादरांनी बाप्तिस्मा, पापक्षमा असे संस्कार द्यावेत.

नगरी:
मी प्रोटेस्टंट, नगरकडचा. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या, हे सगळे सांगतात. त्याच रमाबाईंनी १८९७मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या व्यवस्थेत बायकांना कसं वागवलं जातं ते वर्तमानपत्रात उघड लिहिलं, हे सांगायचं राहून जातं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

पण तुम्ही दोघंही एक गोष्ट टाळताय. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा जवळजवळ फक्त हिंदूंना दिला. पुढे १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच. त्यासाठी चर्च दिल्लीत दाद मागतं, आणि मागायलाच हवी. पण घरात काय? चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते, हे कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनं २०१६च्या धोरणात स्वतःच कबूल केलं. तमिळनाडूत दफनभूमीत दलितांची बाजू वेगळी पाडणाऱ्या भिंती आहेत. मेल्यावरसुद्धा! पहिला दलित कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) व्हायला २०२२ साल उजाडलं. ज्या वेदीसमोर सगळे एकच भाकर घेतात, तिथली ही गत.

पेरणी:
नगरीदादा, जातीबद्दल प्रवचन रोज द्या, माझी हरकत नाही. ते समोर बसलेल्यांचंच पाप आहे. पाणीउपशाचं धोरण मात्र सरकारचं. त्यात चूक कोणाची यावर प्रामाणिक माणसांचीही दोन मतं असू शकतात, आणि प्रवचनात उलट उत्तर देता येत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

बावखल:
उलट उत्तर देता येत नाही हे खरं आहे. मग मिस्सानंतर सभा घ्या, तिथे फादरांना प्रश्न विचारा. पण टँकरचा मालकही समोरच बसलेला असतो, पेरणीताई. एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांनी २३ मार्च १९८० रोजी प्रवचनातून सैनिकांना आवाहन केलं, हे शेतकरी तुमचेच भाऊ आहेत, त्यांना मारू नका. ते सैनिकही बहुतेक कॅथॉलिकच. दुसऱ्या दिवशी मिस्सा करताना रोमेरोंना गोळी घातली. २०१८मध्ये चर्चनं त्यांना संत घोषित केलं. धर्मगुरूनं फक्त संस्कार द्यावेत, हे चर्चचं म्हणणं असतं तर ते संत झाले असते का?

नगरी:
रोमेरो मान्य. आता तुमच्या वसईचंच बोला. सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी सगळे एकाच देवळात येतात ना? मग सोयरीक जुळवताना घराणं कोण विचारतं आणि का, हा विषय मिस्सानंतरच्या त्या सभेत पहिला घ्या. टँकर दुसरा.