जुन्या फियाटच्या ब्रेकची हवा घरी काढावी का?

फियाटवाला, इंदूर
माझं मत सरळ आहे, ब्रेक ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा घरीच काढावी. गाडी १९६८ ची फियाट ११००, चारही चाकांना ड्रम, त्यात अवघड ते काय? परवा आधी लायनर ऍडजस्ट केले, मग मास्टर सिलिंडरपासून (पॅडल दाबलं की ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबचं, मागचं डावं चाक घेतलं. निपलला (चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. बायको पॅडलवर. "दाब, धर" म्हटलं की मी निपल अर्धा आटा सैल करायचो, पुन्हा घट्ट कसला की "सोड". आधी कोऱ्या चहासारखं काळं ऑइल, मग फसफसणारे बुडबुडे, मग स्वच्छ धार. चौथं चाक झालं तेव्हा पॅडल दगडासारखं! गॅरेजमधला पोऱ्या दहा वेळा पंप करून मोकळा होतो, टाकीतलं ऑइल संपत आलंय का तेही बघत नाही.

मधुकाका, रामबाग
अरे, उभ्या गाडीत सगळ्यांचंच पॅडल दगड असतं. भेरूघाट उतरून दाखव. तुझ्या गाडीला एकच सर्किट, म्हणजे चारही चाकांना ऑइलची एकच वाट, एक निपल कच्चा राहिला तर चारही चाकं गेली, उरतो हँडब्रेक. मीही घरी केलं होतं एकदा. पॅडल पार तळाला दाबत राहिलो. रोज जिथवर मास्टर सिलिंडरमधलं रबर जात नाही तिथे सिलिंडरला गंज होता, त्यावर ते फाटलं. दोन दिवसांनी सिग्नलला पॅडल हळूहळू खाली. तेव्हापासून मेकॅनिक.

फियाटवाला
काका, हा घराचा दोष नाही, तळाला दाबण्याचा आहे. मी पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. मेकॅनिक ठेवतो का, विचारा बरं त्याला!

स्नेहा, सुखलिया
घर की गॅरेज यावर भांडताय, ऑइलच्या डब्याचं कोणी बोलत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. ताजं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा नेहमीचा प्रकार) निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, साडेतीन-चार टक्के पाणी शिरलं की १४० वर येतं. घाटात ड्रम तापले, ऑइलची वाफ झाली, की पॅडल पोकळ. मग हवा कितीही छान काढलेली असो. (आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं.) फियाटवाले दादा, डबा कधीचा होता?

फियाटवाला
मागच्या दिवाळीत फोडलेला. झाकण घट्ट होतं, पण पावसाळा गेलाय मधून.

मधुकाका
बघ!

फियाटवाला
छोट्या ग्वालटोलीतून सीलबंद डबा आणतो, रविवारी पुन्हा चारही चाकं. घरीच.