ट्रॉमाच्या उपचाराआधी ‘तयारी’ हवी, की तीच पळवाट होते?

पूर्वभाग_ताई

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांसोबत काम करते. काउन्सेलर आहे, डॉक्टर नाही. परवा एका ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांशी कडाक्याचा वाद झाला. त्यांचं म्हणणं, पीटीएसडी (भयंकर प्रसंगाच्या धक्क्यातून, म्हणजे ट्रॉमातून, होणारा मानसिक आजार) आहे ना, मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सरळ त्या आठवणीवर काम सुरू करा, उगाच घोळ नको. मला ते पटलेलं नाही. इथे मांडते, तुम्ही बोला.

महामार्गावरचा एखादा अपघात वेगळा आणि लहानपणापासून घरातच मार, अत्याचार, मग लग्नानंतर पुन्हा तेच, हे वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये (1 जानेवारी 2022 पासून लागू) ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ हे स्वतंत्र निदान आहे. घडलेलं पुन्हा आत्ताच घडतंय असं वाटणं, त्याची आठवण येईल असं सगळं टाळणं, सतत सावध राहणं, हे दोन्हीकडे सारखं. कॉम्प्लेक्समध्ये त्यावर आणखी तीन गोष्टी: भावना आवरत नाहीत, स्वतःची किळस येते, माणसं जवळ करता येत नाहीत.

आता उपचार बघा. प्रोलाँग्ड एक्स्पोजर नावाच्या थेरपीत ती आठवण डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची असते. त्याचं रेकॉर्डिंग करतात आणि घरी रोज ऐकायला देतात. घरी म्हणजे कुठे? एका खोलीत सासू, दीर, पोरं, दारात विड्या वळत बसलेल्या शेजारणी. इअरफोन लावला तर “कुणाशी बोलतेस?” हा प्रश्न ठरलेला. आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो संध्याकाळी त्याच खोलीत जेवायला बसतो.

म्हणून आधी तयारी. उपचारात काय होणार, मध्येच त्रास वाढू शकतो, कुठल्याही क्षणी थांबवता येतं, हे नीट सांगणं. फ्लॅशबॅक आला की आजच्या दिवसात परत कसं यायचं ते शिकवणं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारणं. घरातलं कुणाला माहीत आहे, कुणाला कळता कामा नये, हे लिहून ठेवणं. आणि मजुरी! हजार विड्यांच्या दरावर पोट असलेल्या बाईची अर्धी दुपार थेरपीत गेली तर ते पैसे कुठून येणार, हा प्रश्न मला श्वासाच्या व्यायामाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सायको_जुळेसोलापूर

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजीतला आहे. मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने.

आधी स्थैर्य, मग आठवणी, मग पुन्हा आयुष्यात परतणं, ही तीन टप्प्यांची मांडणी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये केली. त्याच्या कितीतरी आधी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांच्याकडेही तीच होती. ऐकायला बरोबर वाटते. पण तपासून बघितली तेव्हा काय निघालं? नेदरलँड्समध्ये 2021 साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, दोन्ही लहानपणच्या अत्याचारामुळे पीटीएसडी झालेल्या लोकांवर. एकीत प्रोलाँग्ड एक्स्पोजर होतं, दुसरीत ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत आठवणीवर काम करायची थेरपी). आधी भावना सांभाळण्याचं प्रशिक्षण दिलेले आणि थेट सुरू केलेले, शेवटी दोघांचा फायदा सारखाच. म्हणजे तयारीने नुकसान झालं नाही, पण वेळ गेला. जर्मनी-हॉलंडात वेळ परवडतो. आपल्याकडची बाई किती वेळा येता येईल हे घरूनच मोजून येते. तिच्या सगळ्या फेऱ्या तुम्ही ‘पाच वस्तू बघा, चार आवाज ऐका’ असल्या भान परत आणायच्या व्यायामात घालवल्या तर मूळ दुखण्याला हात कधी लावणार?

आणि “तू अजून तयार नाहीस” हे वाक्य आपण कुणाला सांगतोय? आयुष्यभर जिला “तुला जमणार नाही” हेच ऐकवलंय तिला.

पूर्वभाग_ताई

वेळ परवडत नाही हा मुद्दा मान्य. पण 2010 चा अमेरिकेतला अभ्यास विसरलात. लहानपणी अत्याचार झालेल्या 104 बायका. आधी भावना आणि नाती सांभाळायचं प्रशिक्षण, मग एक्स्पोजर, असा क्रम मिळालेल्या गटाला जास्त फायदा झाला आणि उपचार सोडून जाणाऱ्याही कमी. माझ्यासाठी सोडून जाणं हाच कळीचा आकडा आहे. अर्ध्यात उठून गेलेली बाई परत येत नाही. उलट शेजारणीला सांगते, तिकडे जाऊ नकोस, जखम उघडून ठेवतात.

सायको_जुळेसोलापूर

तो अभ्यास नीट वाचा. ज्या गटाला प्रशिक्षण नव्हतं त्यालाही आधी आधार देणारं समुपदेशन होतं, एक्स्पोजर नंतरच. पहिल्यापासून थेट सुरू केलेला गट त्यात नव्हताच. म्हणजे ‘तयारी विरुद्ध थेट’ ही तुलनाच तिथे झालेली नाही. कसली पूर्वतयारी जास्त उपयोगी, एवढंच त्यातून कळतं.

हुतात्माबाग_सकाळ

माफ करा, पण हे सगळं शहरी चोचले वाटतात. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत गावंच्या गावं झोपेत गेली. जखमींना आपल्या सोलापुरात आणलं होतं, मी स्वतः सिव्हिलबाहेर रक्त द्यायला रांगेत होतो. त्या लोकांनी कुठली थेरपी घेतली? उभे राहिलेच ना?

सायको_जुळेसोलापूर

काका, त्याच भूकंपातल्या लोकांची मानसोपचारतज्ज्ञांनी पाहणी केली होती. 1996 मध्ये ती अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात छापून आलीय. पीटीएसडी आणि नैराश्य, दोन्ही भरपूर सापडलं. उभे राहिले म्हणजे बरे झाले असं नव्हे.

पूर्वभाग_ताई

आणि काका, भूकंपानंतर सगळा महाराष्ट्र मदतीला धावला. घरात मार खाणारीला शेजारी म्हणतात, “तुझंच काहीतरी चुकलं असेल.” हा फरक लहान नाही.

नाव_नको_73

मी यातून गेलेली आहे, म्हणून लिहिते. तपशील सांगणार नाही.

तुम्ही दोघंही छान भांडताय, पण दोघांच्याही बोलण्यात ठरवणारे तुम्हीच. मला तयारीतलं काही खूप उपयोगी पडलं आणि काही अजिबात नाही. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की माझा जीव घाबरा व्हायचा, कारण डोळे मिटणं हाच माझ्यासाठी धोका होता. ते कुणी विचारलंच नव्हतं, सगळ्यांना देतात म्हणून मलाही दिलं. शेवटी डोळे उघडे ठेवून, पाय फरशीवर दाबून बसायला लागले, तेव्हा जमलं. हात वर केला की थांबायचं, एवढा एक करार मात्र सोन्यासारखा. तो मी फारसा वापरला नाही. वापरता येतो हे माहीत असल्यावर गरज कमी पडते.

पण सायको सरांचं एक खरं आहे. मला बराच काळ “अजून थोडं स्थिर होऊ द्या” असं सांगत होते. मी दर वेळी घरी जाऊन विचार करायचे, म्हणजे आत असं काय आहे की डॉक्टरीणबाईसुद्धा घाबरतात?

का_बे_सोलापुरी

ताई, समदं बायकांचंच बोलूलालाव तुमी. गड्यांचं काय ओ? माझ्या दोस्ताला लहानपनी जे झालं ते त्यानं मला पिल्यावर सांगितलं, शुद्धीत कधी न्हाई. एका ठिकानी नेला तर म्हनले, आधी दारू सोड, मग ये. अरे पन तो पितोच त्याच्यामुळं! ही तुमची तयारीच की. दारात उभा करून ठेवायची तयारी.

सायको_जुळेसोलापूर

लाख बोललात. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेची पीटीएसडीवरची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: दारू किंवा नशा आहे एवढ्याच कारणावरून कुणाला पीटीएसडीच्या उपचारातून वगळू नये.

पूर्वभाग_ताई

त्याच तत्त्वांत पुढे काय आहे तेही सांगा. गुंतागुंतीच्या ट्रॉमासाठी विश्वास बसायला जादा वेळ धरा, भेटी वाढवा, माणसाच्या घरची परिस्थिती किती सुरक्षित आणि स्थिर आहे ते बघा, भान हरपणं किंवा भावना अनावर होणं उपचारात आड येत असेल तर आधी त्यासाठी मदत करा. माझी तयारी म्हणजे एवढंच.

दोस्तासाठी: रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीत कमी करायची. आणि त्याला एकट्याने पाठवू नका, सोबत जा.

आशा_अक्कलकोटरोड

एक व्यवहारातली गोष्ट. नवरा ओपीडीत बायकोबरोबर आतपर्यंत येतो आणि उत्तरं तोच देतो. तुमच्या सगळ्या थेरप्या तिथेच संपल्या. मी आता “वजन-बीपी बघायचंय, बाई एकट्याच आत या” म्हणते. मानसिक आरोग्य कायदा 2017 नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवायची असते, हे त्या बाईला माहीत नसतं आणि पुष्कळदा तपासणाऱ्यालाही आठवत नसतं. मारहाण चालू असेल तर महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर फोनमध्ये ‘गॅस एजन्सी’ म्हणून सेव्ह करून देते.

सायको_जुळेसोलापूर

हे आवडलं. बघा ताई, ही तयारी एका भेटीत झाली. माझा विरोध याला नाही. माझा विरोध मुदत नसलेल्या तयारीला आहे. काउन्सेलरलाच त्या आठवणी ऐकायची भीती वाटते आणि तो रुग्णाचं नाव पुढे करतो, हे मी अनेकदा बघितलंय.

पूर्वभाग_ताई

मग मुदत घालू. पहिल्याच भेटीत दोघींनी मिळून तारीख ठरवायची आणि केसपेपरवर लिहायची.

सायको_जुळेसोलापूर

आणि त्या तारखेला सुरू करायचं? तिला भीती वाटत असली तरी?

पूर्वभाग_ताई

भीती वाटत असली तरी, हो. घरात मार चालू असेल तर नाही.

सायको_जुळेसोलापूर

इथेच आपलं फाटतं. मार थांबायची वाट बघत बसलात तर काहीजणींना उपचार आयुष्यात मिळणार नाही. धोका चालू आहे म्हणून रात्रीची स्वप्नं थांबत नाहीत.

पूर्वभाग_ताई

आणि ती सावध राहते म्हणूनच अजून जिवंत आहे, असंही असू शकतं. ती सावधगिरी उपचाराने आधी काढून घ्यायची आणि पाठवायची त्याच खोलीत? आधी रात्री जायला एक दार तरी बघू. माहेर, बहीण, सखी केंद्र (अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र), काहीही.

नाव_नको_73

तिला विचारा ना. दोन्ही वाटा समोर ठेवा, धोके सांगा. मी असते तर सुरू करा म्हटलं असतं. दुसरी नाही म्हणेल.

विडीघरकुल_कुंभारी

मी वाचूलालो होतो सगळं. आमच्याकडं आई तेलुगूच बोलते, मराठी कामापुरतं. माझ्या मावशीला असं काहीतरी आहे, रात्री किंचाळते, लई वर्षं झाली. मराठीत सांग म्हटलं तर “काही न्हाई” म्हणते. सोलापुरात तेलुगूत बोलणारं कुणी आहे का?

पूर्वभाग_ताई

टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, चोवीस तास, वीस भाषांत चालतो, तेलुगू आणि कन्नडही आहे. पहिला फोन मावशीनेच करायला हवा असं नाही, तुम्हीही करून विचारू शकता. प्रत्यक्ष भेटीसाठी तेलुगू बोलणारी एक काउन्सेलर माझ्या माहितीत आहे, मेसेज करा. फक्त मावशीच्या घरात कोण कोण असतं ते आधी सांगा.