मदत हवी आहे: इंजिन चालू असताना बॅटरीवर १५.८ व्होल्ट

नमस्कार मंडळी. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात, ते ठीकच. पण इंजिन सुरू करून जरा रेस दिली की आकडा १५.८ वर जातो आणि तिथेच राहतो. एरवी तो १३.८ ते १४.५ च्या आसपास असायला हवा ना?

आधी मीटरवरच संशय आला, कारण मीटरमधला सेल उतरला की आकडा चढा दिसतो. नवा सेल घातला, दुसरा मीटरही लावून पाहिला, फरक नाही. हेडलाइट आणि ब्लोअर लावले तर जेमतेम ०.१ ने उतरतो. बॅटरीच्या झाकणांभोवती ओलसर डाग आहेत, जवळ गेलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. त्याचीच धास्ती वाटते, म्हणून गाडी उभीच ठेवली आहे.

मेकॅनिक म्हणतो, अख्खा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला. मला मात्र रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा त्याची सेन्स वायर (बॅटरीचं व्होल्टेज त्याला कळवणारी तार) वाटते: ती सैल असेल तर रेग्युलेटरला व्होल्टेज कमी भासतं आणि तो चार्जिंग वाढवत राहतो. अल्टरनेटर न उतरवता या दोन्हींतला दोष नेमका कशात आहे, हे कसं ओळखायचं? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.