मेडनचा पुढचा अल्बम कधी? आणि आत्ताच बाहेर जाऊन बघावं की भारताची वाट बघावी?

गॅलप_पुणे

मंडळी, इथे आयर्न मेडनवाले, म्हणजे त्या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे चाहते, कोण कोण आहेत? बरेच दिवस डोक्यात घोळतंय, ऑफिसात मेडन म्हटलं की लोक माझ्याकडे बघत बसतात म्हणून इथे टाकतोय.

माझी सुरुवात २०१५ च्या 'बुक ऑफ सोल्स'पासून. कॉलेजात रूममेटने हेडफोन लावून दिला आणि ते शेवटचं १८ मिनिटांचं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' ऐकवलं, गायक ब्रूसचा पियानो, मग हळूहळू ते अवाढव्य एअरशिप, आर१०१, वर उचललं जातं आणि शेवटी १९३० चा त्याचा तो अपघात, मी त्या रात्री झोपलो नाही. तिथून मागे मागे जात १९८० पर्यंत पोचलो. म्हणजे 'ट्रूपर' आणि 'नंबर ऑफ द बीस्ट' मला नंतर भेटले, माझं मेडन म्हणजे नंतरचं मेडन, लांब गाणी, तीन गिटार, सावकाश चढत जाणारं. आणि ते 'एम्पायर' त्यांनी आजपर्यंत एकदाही स्टेजवर वाजवलेलं नाही.

आता प्रश्न असा. शेवटचा अल्बम 'सेंजुत्सू' आला सप्टेंबर २०२१ ला. सध्याची 'रन फॉर युअर लाइव्हज' टूर पन्नास वर्षांची आहे, मे २०२५ मध्ये बुडापेस्टला सुरू झाली आणि २०२६ मध्येही चालू ठेवलीये. त्यात फक्त पहिल्या नऊ अल्बमची गाणी, १९८० ते १९९२, एकही नवीन नाही. मी गेली काही वर्षं एका मेडन शोसाठी पैसे बाजूला टाकतोय. व्हिसा, तिकीट, राहणं धरून बाहेर एकदाच जाणं जमेल, दोनदा नाही. तर आत्ता जाऊ, की नवीन अल्बमच्या टूरची वाट बघू? आणि भारतात यायची काही आशा आहे का? २००९ नंतर ते इथे फिरकलेच नाहीयेत. पहिल्यांदा आले तेव्हा मी शाळेत होतो, घरी कोणाला मेडन माहीतही नव्हतं.

प्लीज नीट विचार करून सांगा, माझ्यासाठी हे मोठं आहे.

---

वांद्रे_लोकल

जा. एवढंच उत्तर आहे. आता कारण सांगतो.

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, बीकेसीचं एमएमआरडीए ग्राउंड. 'समव्हेअर बॅक इन टाइम' टूरचा जगातला पहिला शो आपल्या मुंबईत झाला होता, हे आजही नवीन पोरांना खरं वाटत नाही. माणसं आणि सामान एकाच बोइंग ७५७ मध्ये, आणि कॅप्टन खुद्द ब्रूस. मी हाफ डे टाकून वांद्रे स्टेशनला उतरलो तर अख्खा पूल काळ्या टी-शर्टांनी भरलेला, कोणी कोल्हापूरहून महालक्ष्मीने आलेलं, कोणी गुवाहाटीहून, रिक्षावाले विचारतायत आज काय आहे राव.

आणि अंधार झाला, चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि पुढच्या क्षणी 'एसेस हाय'. ते मी शब्दात सांगू शकत नाही, पण 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' सांगतो. मधे जिथे सगळं थांबतं, जहाजाची लाकडं करकरतात, स्टेजवर धूर, ब्रूस फाटक्या झग्यात वाकून उभा आणि फक्त स्टीव्हची बास गिटार. एवढ्या मोठ्या मैदानात माझ्या शेजारचा माणूस श्वास घेतोय तो ऐकू येत होता. मग जेव्हा गाणं परत उसळतं तेव्हा अनोळखी पोरांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं.

तेच 'राइम' त्यांनी २००९ नंतर बाजूला ठेवलं होतं आणि आता ह्या टूरमध्ये परत आणलंय. १३ मिनिटांचं गाणं आहे, गाणारा १९५८ चा, बास वाजवणारा १९५६ चा. पुढच्या टूरला ते गाणं असेल ह्याची खात्री कोण देणार? तू नंतरच्या मेडनचा आहेस ते ठीक आहे, पण तुला जे आवडतं ना, लांब गाणी, गोष्ट सांगत चढत जाणं, त्याचं मूळ तिथेच आहे. 'राइम' नसतं तर 'एम्पायर' झालंच नसतं.

---

टेप_ट्रेडर

वांद्रे_लोकल यांच्या भावनेला +१, पण मी जरा हिशोब मांडतो कारण गॅलपचा पहिला प्रश्न अल्बमचा आहे.

मेडनची एक सवय आहे आणि ती वीस वर्षं मोडलेली नाही. एक टूर जुन्या गाण्यांची, एक नव्या अल्बमची. २००५ ला सुरुवातीच्या चार अल्बमची टूर, २००६ ला 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' आणि तेव्हा तर अख्खा नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवला, लोक ओरडले जुनं वाजवा म्हणून, स्टीव्हने ऐकलं नाही. मग २००८-०९ जुनी, २०१० 'फायनल फ्रंटियर', २०१२ ते १४ 'मेडन इंग्लंड', २०१६ 'बुक ऑफ सोल्स', २०१८ ला 'लेगसी ऑफ द बीस्ट'. २०२३ ची 'फ्यूचर पास्ट' दोन्हीची मिळून होती, 'सेंजुत्सू'ची पाच आणि 'समव्हेअर इन टाइम'ची पाच, आणि १९८६ पासून लोक मागत होते ते 'अलेक्झांडर द ग्रेट' पहिल्यांदा तिथे वाजलं. आता पन्नाशीची जुनी टूर. म्हणजे पाळी नव्याची आहे.

अंतर बघा. २०१०, २०१५, २०२१. पाच वर्षं, मग सहा. त्यातही 'बुक ऑफ सोल्स' २०१४ च्या शेवटी रेकॉर्ड होऊन तयार होता, ब्रूसच्या घशाच्या कॅन्सरमुळे थांबला, आणि 'सेंजुत्सू' २०१९ मध्ये पॅरिसला रेकॉर्ड झाला आणि दोन वर्षं एक सूर बाहेर आला नाही. टूरच्या मधल्या सुट्टीत स्टुडिओत जाऊन आले, कोणाला पत्ता नाही, आणि मग जुलै २०२१ मध्ये एकदम 'रायटिंग ऑन द वॉल' हे गाणं. त्यामुळे 'काहीच बातमी नाही' ह्याचा मेडनच्या बाबतीत अर्थ 'काहीच होत नाहीये' असा घ्यायचा नसतो. मला मनापासून वाटतं की आणखी एक अल्बम येणार.

फक्त माझी एक इच्छा आहे, ह्या वेळी तो तासाभराचा असावा. 'सेंजुत्सू' ८२ मिनिटांचा आहे आणि त्यात शेवटची तीन गाणी स्टीव्हने एकट्याने लिहिलेली, सगळी दहा मिनिटांच्या वर. 'हेल ऑन अर्थ' महान आहे, पण 'डेथ ऑफ द केल्ट्स' आणि 'पार्चमेंट' यांना कोणीतरी कात्री लावायला हवी होती.

---

गॅलप_पुणे

'पार्चमेंट'ला कात्री??? नाही हां दादा. ते गाणं पहिली आठ-नऊ मिनिटं मुद्दाम एकाच जागी फिरतं, ती एकच धून घासत राहते आणि म्हणूनच शेवटी वेग वाढतो तेव्हा अंगावर काटा येतो. कापलंत तर तो काटाच जाईल. बाकी हिशोबाबद्दल खूप आभार, पाळीचं हे लक्षातच आलं नव्हतं.

---

एकपायी_ड्रमर

मी नागपूरला ड्रम शिकवते, त्यामुळे माझा जीव वेगळ्याच ठिकाणी अडकलाय. पुढच्या अल्बमवर ड्रम कोण वाजवणार?

मेडनचा ड्रमर निको याने ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोला शेवटचा शो वाजवला आणि टूरिंग थांबवलं. १९८२ च्या शेवटी आलेला माणूस, १९८३ च्या 'पीस ऑफ माइंड'वर पहिल्याच गाण्यात पहिला आवाज त्याचा, 'व्हेअर ईगल्स डेअर'ची ती सुरुवात. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती सुरुवात देते कारण बास ड्रमची ती सगळी पळापळ एका पायाने आहे, डबल पेडल नाही, बूट नाही, अनवाणी पाय. जानेवारी २०२३ मध्ये त्याला स्ट्रोक आला, उजव्या बाजूची ताकद गेली, आणि मे महिन्यात तो 'फ्यूचर पास्ट'च्या पहिल्या शोला ल्युब्लियानाला ड्रमवर बसलेला होता. काही फिल्स, म्हणजे ठेक्याच्या मधले भरणीचे तुकडे, सोपे केले त्याने, मला ते ऐकू आले, आणि प्रत्येक वेळी ऐकताना त्याच्याबद्दलचा आदर वाढला. 'ट्रूपर'चा वेग खाली आला म्हणून लोकांनी नावं ठेवली तेव्हा खूप राग आला होता मला.

आता सायमन डॉसन वाजवतोय, स्टीव्हच्याच दुसऱ्या बँडमधला, ब्रिटिश लायनमधला. सरळ, नीट, गाण्याच्या आत राहून वाजवतो. निको टूर करणार नाही म्हणाला, पण मेडनच्या घरातच राहणार आहे, म्हणून स्टुडिओत तो बसेल अशी आशा मी सोडलेली नाही. एखादं तरी गाणं.

---

ईस्टहॅम_चा_मराठी

मी २८ जून २०२५ ला लंडन स्टेडियमला होतो, घरापासून थोड्याच अंतरावर, म्हणून लिहितो. हे मैदान वेस्ट हॅमचं आणि स्टीव्ह लहानपणापासूनचा वेस्ट हॅमवाला, बासवर त्यांचं चिन्ह लावून फिरणारा. पन्नास वर्षांपूर्वी ह्याच भागातल्या पबमध्ये वाजवायला सुरुवात केली होती आणि आता तिथेच स्टेडियम भरलं, त्यामुळे त्या दिवशी हवाच वेगळी होती.

आधी नेहमीप्रमाणे स्पीकरवर यूएफओ बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं, ते लागलं की जुने लोक ग्लास खाली ठेवतात. मग मागच्या प्रचंड स्क्रीनवर जुन्या ईस्ट लंडनच्या गल्ल्या आणि थेट 'मर्डर्स इन द रू मॉर्ग', मग 'रॅथचाइल्ड', मग 'किलर्स', सलग तीन, तिन्ही दुसऱ्या अल्बमची. माझ्या आजूबाजूला साठीची माणसं उड्या मारत होती. पूर्वीचे रंगवलेले कापडी पडदे जाऊन आता व्हिडिओ आलाय, मला आधी शंका होती, पण 'राइम'ला जो समुद्र उभा केला तो कापडी पडद्यावर जमला नसता. फोन खिशात ठेवा असं त्यांनी टूरच्या आधी आवाहन केलं होतं आणि बऱ्याच जणांनी खरंच ऐकलं.

सायमनबद्दल ताई बरोबर बोलल्या. आणि 'सेव्हन्थ सन' हे लांब गाणं पूर्ण वाजलं, त्याचा मधला संथ भाग, ब्रूस बोलतो तो. त्याचा आवाज अजून त्या उंचीवर जातो हे प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय पटत नाही.

गॅलप, तू नव्या गाण्यांचा आहेस तरी ये. व्हिसाचं लवकर बघ, तारखेच्या आधी भरपूर वेळ ठेव, आणि तिकीट स्टँडिंगचं घे पण अगदी पुढचं महागडं घ्यायची गरज नाही, साउंड डेस्कच्या पुढे उभं राहिलं की तिन्ही गिटार वेगळ्या ऐकू येतात.

---

गॅलप_पुणे

खूप खूप धन्यवाद. साउंड डेस्कचं लिहून ठेवतो. पण भारताचं कोणीच बोललं नाही अजून. डी. वाय. पाटीलला जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन शो झाले, मे मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सला गन्स एन' रोझेस येऊन गेले, मग मेडन का नाही?

---

टेप_ट्रेडर

नकाशा बघ. २००८ मध्ये मुंबईनंतरचा शो पर्थला होता, ४ फेब्रुवारीला. म्हणजे लंडनहून ऑस्ट्रेलियाला जाताना आपण वाटेत होतो, आणि स्वतःचं विमान असल्यामुळे सामान जहाजाने आधी पाठवायची भानगड नव्हती. २००७ ला बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर आले तेव्हाही दुबईचा शो करून आले होते, एकटा भारत कधीच नव्हता. म्हणून मी युरोपच्या तारखांकडे बघत नाही, ऑस्ट्रेलिया, जपान किंवा आखाताच्या तारखा जाहीर झाल्या की मधे किती दिवस मोकळे आहेत ते बघतो. आठवडाभर मोकळा दिसला तर आशा ठेवायची.

आता स्टेज तेव्हापेक्षा बरंच मोठं झालंय, तो सगळा एलईडी आणायचा म्हणजे आयोजकाला एका शोत परवडणार नाही, मुंबई आणि बंगळूर दोन्ही धरावं लागेल. प्रेक्षक आहेत, मैदानं आहेत. जुळून यायला हवं.

---

वांद्रे_लोकल

आणि जुळून आलं तर काय, तेव्हाही येशीलच की. मुंबईला यायला व्हिसा लागत नाही. राहायची सोय माझ्याकडे. बाहेरचे पैसे मात्र आत्ता वापर, ते नव्या अल्बमसाठी राखून ठेवू नकोस.

---

एकपायी_ड्रमर

मुंबईला झालं तर माझी अख्खी बॅच येणार, विदर्भ एक्स्प्रेसने. वांद्रे_लोकल, तुमच्याकडे किती जण मावतील ते आधीच सांगून ठेवा.

---

गॅलप_पुणे

ठरलं. घरी बोललो, बाबा म्हणाले साठवलेत ना, मग जा. २०२६ च्या युरोपच्या तारखा बघायला घेतल्यात, व्हिसाचे कागद ह्या आठवड्यात गोळा करतो. ईस्टहॅम दादा, तुम्हाला मेसेज केलाय, जरा बघा. आणि नवीन अल्बमची पहिली खबर ज्याला लागेल त्याने ह्याच धाग्यावर टाका, रात्री तीन वाजता लागली तरी.