गरोदरपणाच्या ३७व्या आठवड्यापासून एरंडेल? हा फॉरवर्ड आता थांबवा

परिचारिका
ग्रुपांवर फिरतंय: "३७वा लागला की रोज रात्री दुधातून दोन चमचे एरंडेल, सिझर टळणारच." पूर्ण मुदत ३९ आठवड्यांपासून धरतात. त्याआधी कळा आणून बाळाला श्वासाचा त्रास द्यायचाय का? एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल आतडं आणि गर्भाशय दोन्हींच्या स्नायूंना चाळवतं. म्हणून आधी जुलाब, मळमळ, अंगातलं पाणी जाणं, आणि कळा आल्या तर आल्या. अभ्यासांत साधारण ६० मिली एकदाच दिलंय, तेही दिवस भरल्यावर. रोज दोन चमचे कुठून काढलं? आधीचं सिझर असेल तर हात लावू नका, जुन्या टाक्यावर गर्भाशय फाटू शकतं.

वैद्यकन्या
फॉरवर्ड टाकाऊ आहेच. पण त्यावरून आयुर्वेदाला झोडपू नका. चरकाने नवव्या महिन्यात मधुर औषधांनी सिद्ध तेलाची अनुवासन बस्ती, म्हणजे गुदमार्गाने तेल, आणि योनीत पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला बोळा, सांगितलाय. रोज रेचक प्या असं नाही.

कडुनिंब
पिचूने कळा येतात?

वैद्यकन्या
कळा आणायला नाहीच तो, मार्ग स्निग्ध राहावा म्हणून आहे. आणि तो वैद्याच्या देखरेखीखाली, व्हिडिओ बघून घरी नव्हे. आधी नीट वाचा, मग भांडा.

ताकभात
खजूर तरी चालेल ना?

परिचारिका
२०११च्या जॉर्डनमधल्या अभ्यासात शेवटचे ४ आठवडे रोज ६ खजूर खाणाऱ्या ६९ जणी होत्या. दाखल होताना त्यांच्या गर्भपिशवीचं तोंड जास्त उघडलेलं होतं. पण कुणी खायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, त्यामुळे फार उड्या मारू नका. गरोदरपणातली साखर असेल तर खजूर विसरा.
घरच्या उपायांत बऱ्यापैकी पुरावा आहे तो स्तनाग्र चोळण्याला. एका वेळी एकच बाजू, कळ आली की हात काढायचा. ज्यांचं तोंड आधीच मऊ झालेलं होतं त्यांच्यात ७२ तासांनंतरही कळा न आलेल्या सुमारे ६३ टक्के, काही न करणाऱ्यांत ९४. तोंड कच्चं असेल तर उपयोग नाही. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा आल्या तर बाळाचे ठोके घसरू शकतात, तिथेच थांबा. बीपी, वार (प्लासेंटा) खाली, बाळाची वाढ कमी, यांत तर करूच नका. जिने चढून कळा येतात हा पुरावा मला कुणी दाखवावाच.

कडुनिंब
बायका एरंडेलाकडे का वळतात ते बोला की! ३९व्याला सोनोग्राफीत "पाणी कमी", संध्याकाळी कळांचं सलाईन, सकाळी सिझर. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगीत ४७ टक्के सिझर, सरकारीत १४. पोटात पाणी कमी की बिलात?

परिचारिका
म्हणजे डॉक्टर तेवढे लुटारू?

कडुनिंब
रिपोर्ट वाचा. बाळाभोवतीच्या पाण्याचे चार कप्पे मोजतात, खोलीची बेरीज ५ सेंमीच्या खाली की "कमी". सर्वांत खोल कप्पा २ सेंमीच्या खाली हा निकष लावला तर त्यांतल्या बऱ्याच सुटतात. बेरजेने कळा देण्याचं प्रमाण वाढतं, बाळांचं भलं वाढत नाही. बाकी सगळं ठीक असेल तर दोन लिटर पाणी प्यायला लावून पुन्हा का मोजत नाहीत?

परिचारिका
बेरजेबद्दल बरोबर, घ्या, टाळ्या. पण पाणी कमी आणि सोबत बीपी किंवा बाळाची वाढ खुंटलेली, तर तांब्या घेऊन बसायचं नसतं. आणि कळा दिल्या म्हणजे सिझर होणारच, हेही खोटं. २०१८च्या अमेरिकेतल्या चाचणीत ३९व्याला कळा दिलेल्या पहिलटकरणींत १८.६ टक्के सिझर, वाट पाहणाऱ्यांत २२.२.

कडुनिंब
तिथे पाणमोट फुटल्यावरही सलाईनला निदान १२ तास देतात. इथे डॉक्टरांच्या जेवणाच्या वेळेला "प्रगती नाही".

वैद्यकन्या
झालं! एरंडेलाचा धागा दवाखान्याच्या बिलावर गेला.

ताकभात
४० उलटले, बाळ नीट हलतंय, तोंड अजून बंद. मग काय करायचं ते सांगाल का कुणी?

परिचारिका
डॉक्टरांना स्वीपबद्दल विचारा. तोंडात बोट जात असेल तर तपासतानाच पाणमोटीचा पडदा बोटाने गर्भपिशवीपासून सोडवतात. दुखतं, थोडं रक्त जातं. ४१ पूर्ण होतील तेव्हा कळा द्यायच्या का हे आत्ताच बोलून ठेवा. हालचाल मंदावली, पाणी गेलं किंवा रक्त भळभळलं तर इथे विचारत बसू नका, थेट दवाखाना.

कडुनिंब
आणि जाताना पाणी कोणत्या पद्धतीने मोजलं ते लिहून मागा.