कांजी: पत्ते पिसून भाषा येते का?

चादरवाला:
घरी 'कांजी पाठ करतोय' म्हणालो तर बाबा हसले. त्यांचं आयुष्य मागावर गेलं, त्यांच्यासाठी कांजी म्हणजे सुताला लावायची खळ. माझी कांजी जपानी, म्हणजे चिनीतून आलेली लिपीची चिन्हं. डिसेंबरात पुण्याला जपानीची एन-४ पातळीची परीक्षा द्यायची आहे, आणि नोकरी सांभाळून सोलापुरात बसून हे जमवायचं तर आंकीशिवाय गत्यंतर नाही, असं माझं ठाम मत आहे.

माहीत नसलेल्यांसाठी: आंकी हे पत्त्यांचं ॲप. पुढे जपानी, मागे अर्थ नि उच्चार. आठवलं तर तोच पत्ता उद्या, मग दोनतीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने असा लांबत जातो. चुकलं की परत उद्या. विसरायच्या बेतात असताना आठवायला लावायचं, एवढीच युक्ती. जपानी सरकारच्या यादीत रोजच्या वापराची २१३६ चिन्हं आहेत. वहीत दहादहा वेळा लिहून मी साठावर अडकलो होतो. पत्त्यांवर पाच महिन्यांत तीनशे झाली.

भवानीपेठी:
काय करलालास बे, हे तर पाढेच झाले की! आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू. एकही पत्ता न पिसता मी तेलुगू बोलतो. भाषा कानातून येते.
आणि एका चिन्हाला एकच उच्चार असता तर गोष्ट वेगळी. 'जगणं'चं चिन्ह घे. 'सेन्सेइ'मध्ये ते सेइ, 'इश्शो'मध्ये श्यो, कच्च्या माशा-अंड्याच्या बाबतीत नामा. पत्त्याच्या मागे काय काय लिहिणार?

चादरवाला:
तुला तेलुगू वाचता येतं का?

भवानीपेठी:
नाही.

चादरवाला:
मग? तुला दिवसभर कानावर पडायचं. मला नवी पेठेत जपानी बोलणारं कोण भेटणार आहे? उच्चारांचं मात्र मान्य. म्हणून मी सुटं चिन्ह ठेवतच नाही, अख्खा शब्द ठेवतो.

पाटीपेन्सिल:
मी जपानीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे दोन्ही जातीची मुलं पाहिली आहेत. पत्तेवाल्यांचा वेग दांडगा असतो, पण नजर उडती. 'वाट पाहणे', 'हातात धरणे' आणि 'वेळ' या तीन चिन्हांत उजवीकडे तेच 'देऊळ' आहे. डावीकडे पहिल्यात पावलांची खूण, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात सूर्य. पत्तेवाला देऊळ बघतो आणि ठोकून देतो, त्यात तीनांतून एकदा बरोबरही येतं! हाताने लिहिणारा डावी बाजू चुकवत नाही, कारण हात तिथूनच सुरुवात करतो. आंकीत आठदा चुकलेला पत्ता 'जळू' म्हणून आपोआप बाजूला पडतो. माझ्या मुलांच्या जळवा बघितल्या तर बहुतेक अशाच जुळ्या-तिळ्या.

चादरवाला:
ताई, परीक्षेत हाताने लिहायला लावतच नाहीत, सगळे पर्याय. मग तो वेळ कशाला घालवू?

पाटीपेन्सिल:
पर्यायांत हीच तिळी शेजारीशेजारी ठेवतात. म्हणून.

गड्ड्यातला_पाळणा:
माझा अनुभव कुणी विचारला नाही तरी सांगतो. रोज वीस नवे पत्ते घेत होतो. दोन महिन्यांत उजळणीच दीडशेच्या पुढे गेली, तिथवर ठीक. जानेवारीत गड्डा यात्रा आली, घरी पाहुणे, आठ दिवस ॲप उघडलं नाही. उघडलं तर अकराशे पत्ते तुंबलेले. सावकाराच्या व्याजासारखं वाटलं. ॲपच काढून टाकलं. पुन्हा जपानीकडे वळलो नाही, हे खरं दुःख.

चादरवाला:
वीस हा आंकीने आधीच ठरवून ठेवलेला आकडा, तो पाळलाच पाहिजे असं नाही. मी सात घेतो. सणावाराच्या आधी शून्य.

भवानीपेठी:
आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये रुग्णसेवेला चीनला गेले, तिथे चिनी शिकले, ती हीच चिन्हं. त्यांच्याकडे कुठलं ॲप होतं?

चादरवाला:
ते तिथे राहत होते, तिथलीच बायको केली, रुग्ण चिनी बोलणारे. मला तसली गल्ली दे, आजच आंकी काढतो.

पाटीपेन्सिल:
@चादरवाला, सातातले दोन तरी पाटीवर लिहा. ऐका माझं.

चादरवाला:
दोन लिहितो. देवळातली तिन्ही आधी.

भवानीपेठी:
मत बदललं नाही माझं. पण तेलुगू अक्षरांचा गठ्ठा मिळतो का कुठे? दुकानाच्या पाट्या वाचायच्या आहेत.